तुमच्या डब्यावर आमचा डोळा

सोमवार, ३ मार्च
कॉन्ट्रॅक्ट एकतीसला संपतंय. घरी सांगून बसलोय की परमनंट झालो. खोटं नाही, ऑफिसला अजून कळलं नाहीये एवढंच. बाबा पुढच्या बुधवारी ऑफिस बघायला येणार. मॅडम म्हणाल्या, लोकांचं वागणं सुधारेल अशी एक तरी पॉलिसी चालवून दाखव, मग बघू.

मंगळवार, ४ मार्च
सुचलं. ऑफिसच्या फ्रिजमधून डबे गायब होतात. माणूस लाखो वर्षं टोळीत राहिलाय. कुणी बघतंय असं वाटलं की मेंदू आपोआप सज्जन होतो. म्हणून फ्रिजवर डोळ्यांचा फोटो. दंड नाही, कॅमेरा नाही. आज फ्रिज, उद्या अख्खं शहर.

बुधवार
डोळे माझेच वापरले. नैतिक दिसतात. मॅडमना खाली मराठी ओळ हवी होती. ताईला विचारलं असतं, पण ती माझ्या मराठीला हसते. स्वतःच लिहिलं : ‘तुमच्या डब्यावर आमचा डोळा आहे.’ शॉर्ट आणि डायरेक्ट.

गुरुवार
लोक ओळ वाचतात, मग माझ्याकडे बघतात. रिस्पेक्ट.

शुक्रवार
एकही चोरी नाही. एकही डबा नाही. सगळे ड्रॉवरमध्ये, कुलुपात. रिपोर्टमध्ये फक्त पहिलं वाक्य घेणार.

सोमवार, १० मार्च
डबेच नसतील तर डेटा कुठून आणू? टायपिस्टकाकूंच्या हातापाया पडलो. त्यांनी केकचा डबा ठेवला. म्हणाल्या, "भूक लागते तर सरळ सांगायचं की रे, पोस्टर कशाला?" काय जोक होता कळलं नाही.

मंगळवार, दुपारी २
टेन्शनमुळे सकाळपासून उपाशी. फ्रिज चेक केला. डबा सेफ. टेस्टिंगसाठी एक तुकडा.

२.१०
एका तुकड्यावरून निष्कर्ष काढणं अनसायंटिफिक.

२.२५
डबा घासून ठेवला. इतकं नैतिक कोण वागतं? शिवाय मोठा शोध लागला : माणूस स्वतःच्या डोळ्यांना घाबरत नाही.

बुधवार, १२ मार्च
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. रिकामा डबा टेबलावर. डोळा असणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे, ढापायला टपून बसणं, असं शांतपणे समजावलं. पण रिझल्ट उत्तम, म्हणाल्या. तीन वर्षांत लोक पहिल्यांदाच डबे सांभाळतायत. "फोटो कायम राहू दे. तू एकतीसपर्यंत ये."

बाहेर बाबा फ्रिजसमोर उभे. ओळ दोनदा वाचली त्यांनी. मग हळूच म्हणाले, "तू जेवतोस ना रे नीट?"

हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुझी परमनंट जागा कुठली.

मी फ्रिजवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.