पाहायचं राहिलेलं घर

दादा,

गळ्यात तार रुतलेली कुत्री अजूनही मला पाहून शेपूट हलवते, तेव्हा तिला काय सांगायचं? घरातली पहिली पदवीधर मी, पण हे मला कुणी शिकवलं नाही.

शिकाऱ्यांनी टाकून दिलेली कुत्री आम्ही आमच्या प्राणी-निवाऱ्यात बरी करतो आणि त्यांना घर शोधून देतो. देण्याआधी ते घर पाहून यायचं, हा आमचा नियम. तुला ही दिली तेव्हा मी घर पाहिलं नाही. ते आपलंच होतं. परवा ती रस्त्यावर सापडली, निम्म्या वजनाची. कानावरची टाक्यांची वेडीवाकडी खूण माझ्याच हातची, म्हणून ओळखली.

काल फोनवर तू हसलास. "बाईसाहेब, ती पळपुटी निघाली. शिकारीचे दिवस आलेत, आणखी दोन दे. आणि आईला काही सांगितलंस तर याद राख."

आज तू कामावर गेल्यावर मी प्राण्यांच्या छळाची चौकशी करणाऱ्या निरीक्षकांना घेऊन घरी गेले. आईने काही न विचारताच मागच्या खोलीची किल्ली काढून दिली. आत चार कुत्री होती. तीनच उठली.

हे पत्र मी पाठवणार नाही. तक्रारीत मालक म्हणून तुझं नाव लिहिलं आणि खाली सही केली.

तुझी धाकटी