रक्तातल्या सुजेबद्दल

ती. सौ. उषाताईस,

गोडादऱ्याहून जयश्रीचा साष्टांग नमस्कार (वाकलं की ठणका लागतो, म्हणून मनातल्या मनात). तुझे गुडघे आणि भाऊजींचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा करते. इकडे गुजरातेत सगळे मजामां.

माझी अर्धशिशी तुला माहीत आहेच. इतकी वर्षं या घरात तिला कोणी ओळखच दिली नाही. ताप नाही, खोकला नाही, मग बाई अंधारात पडते कशाला? सासूबाई म्हणायच्या, कामाच्या वेळीच बरं दुखतं (कामाची नाही अशी वेळ मला कोणी दाखवावी). दुखण्यापेक्षा हेच जास्त लागायचं, ताई. शेवटी नव्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्यात सीआरपी म्हणून एक आकडा असतो, अंगात कुठे सूज असली की तो चढतो. माझा चढलेला निघाला, पुढे चांगला ठळक बाण! आमचे हे मिलमध्ये साड्यांचे ताके तपासतात. डाग दिसला की खूण करायची, हाच जन्माचा धंदा. बाण बघताच म्हणाले, "अरे, हा तर डागी माल!" आणि विश्वास बसला एकदाचा. बायको सांगत होती ते खोटं, बाण खरा. मी आधी हसले, मग मोरीत जाऊन रडले.

सासूबाईंनी तर कमालच केली. रक्तात सूज म्हटल्यावर, ज्या हातातून रक्त काढलं त्याच हातावर आंबेहळदीचा गरम लेप! मी म्हटलं, आई, दुखतं डोकं. तर म्हणाल्या, कागदात रक्त लिहिलंय, तू मध्ये बोलू नको. पिवळा हात घेऊन भाजी आणली मी. पण काही म्हण, आता टीव्हीचा आवाज कमी असतो आणि दुखलं की भाकरी सासूबाई थापतात.

भाऊजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
जयश्री

ता. क. कोणाला बोलू नकोस. काल डॉक्टर म्हणाले, अर्धशिशीवाल्यांत हा आकडा थोडा चढलेला दिसतो असं काही अभ्यासांत आढळलंय, पण एकट्या माणसाच्या डोकेदुखीचा तो पुरावा नव्हे. माझा बहुतेक किडक्या दाढेमुळे चढलाय. "अर्धशिशी ओळखायची ती माणसाचं ऐकून, बेन." आता ऐकणारं माणूस आणू कुठून? दाढ काढली की आकडा उतरणार आणि मी पुन्हा खोटी पडणार. म्हणून दाढ तशीच ठेवलीय. तीही ठणकतेय.

पुन्हा ता. क. काल सासूबाई सोबत होत्या, हे लिहायचं राहिलं. मला वाटलं, डॉक्टरांचं गुजराती त्यांना उमगलं नसेल. आज दार लोटून शेजारी बसल्या. म्हणाल्या, "दाढ काढी टाक. मी कोनले सांगाव नही." मग म्हणाल्या, "मन्हं बी डोकं असंच दुखे. कोनले सांगू?" तेव्हा ताई, तुमच्या धुळ्याला डोकेदुखीचे चांगले डॉक्टर आहेत म्हणतात, त्यांची वेळ घेऊन ठेव. दोघींची.