मोताळ्याच्या लग्नात वाजलेलं माझं गाणं

बाबा, तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा मी आता वीस वर्षांनी मोठा आहे, आणि तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की माझा दम पुरत नाही. माझा दम पुरत नाही, हे पहिल्यांदा तुम्हीच पकडलं होतं. देऊळगाव राजाच्या आपल्या घरात सकाळी चुलीजवळ बसून तुम्ही क्लॅरिनेट पुसायचात आणि मला गायला लावायचात. आई भाकरी थापते आहे, मी ओळ संपायच्या आतच श्वास घेतो, आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "शबद अर्ध्यात सोडू नको. लोकायले वाटते, याले पुढचं सांगाचंच नाही." मला राग येतो. वरातीपुढे लाल कोट घालून वाजवणाऱ्या बँडमास्तरानं मला गाणं शिकवावं, हे सोळाव्या वर्षीच मला सलायला लागलं होतं. तुम्हाला ते कळत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

मुंबईला गेल्यावर मी 'मले', 'तुले' म्हणणं सोडलं. तिथे इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी तीन पोरं भेटली, मी त्यांचा गायक झालो. कॉलेजांच्या गॅदरिंगला आम्ही वाजवायचो, पोरं बाकांवर चढून नाचायची. एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबानं आम्हाला ऐकलं आणि बोलावून घेतलं. बाकीचे तिघे जिन्यात थांबले. मी आत गेलो, आणि बाहेर येऊन त्यांना सांगितलं की त्यांना फक्त मी हवा आहे. कुणी भांडलं नाही. त्यातल्या एकानं तेवढं विचारलं, "तू काय म्हणालास?" मी हो म्हटलं होतं.

अशी माझी एकट्याची पहिली रेकॉर्ड निघाली, छोटी, दोन बाजूंना दोन गाणी. पहिल्या बाजूचं गाणं चाललं. कसं चाललं ते तुम्हाला सांगायला नको. हॉटेलांत, गणपतीच्या मांडवांत, रेडिओच्या फर्माइशींत, सगळीकडे तेच. पाकिटावर माझं नाव नवं होतं आणि खाली चार ओळींत माझी माहिती होती. जन्म मुंबईचा, वडील बोटीवर अधिकारी. साहेबानं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी हसलो, आणि राहू दिलं.

मग मोताळ्याचं लग्न आलं. कापसाच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं. पाहुणा म्हणून मला बोलावलेलं, सोबत कंपनीचा साहेब. मांडवाच्या तोंडाशी आम्हाला खुर्च्या दिल्या आहेत, वरात येते आहे, आणि बँड माझंच गाणं वाजवतो आहे. गर्दी बाजूला झाली तेव्हा तुम्ही दिसलात. कोटाची एक बाही दंडाला उसवलेली. गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. रेकॉर्डवर पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द माझ्याच्यानं पुरा झालेला नाही, तो तुटतो. लोकांना ती माझी अदा वाटायची. तुम्ही तो शब्द पुरा वाजवलात, एका श्वासात, अगदी शेवटपर्यंत.

साहेब खुश झाला. माझ्याकडे वळून म्हणाला, हा म्हातारा तुझ्याकडे असा बघतो आहे, जणू ओळखतो. ओळखतोस का तू याला?

मी म्हणालो, "नाही. बँडवाला आहे."

तुम्ही चार हातांवर होतात. वाजवणं नेमकं तेव्हाच थांबलं होतं. मी जन्मभर स्वतःला सांगून पाहिलं की गलबल्यात तुम्हाला ऐकू गेलं नसेल. पण तुम्ही क्लॅरिनेट काखेत धरून पुढे आलात, मान थोडी झुकवलीत आणि मला म्हणालात, "सायेब, अजून काई फर्माइश असन तं सांगा."

बाबा, तुम्ही मला एक थोबाडीत मारायला हवी होती. त्या मांडवात, सगळ्यांसमोर. तुम्ही मला वाचवलंत, आणि त्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही. मी मान हलवली. तुम्ही मागे फिरून पोरांना खूण केलीत आणि वरात पुढे गेली. जेवायला आम्हाला आत नेलं, तुमची पंगत बाहेर उशिरा बसणार होती. दुसऱ्या दिवशी देऊळगावला जाऊन तुमचे पाय धरायचे असं मी ठरवलं. सकाळी साहेबाची गाडी निघाली आणि मी तिच्यात बसलो.

चार महिन्यांनी तुम्ही तापानं गेलात. तार आली ती माझ्या खऱ्या नावानं. घरमालकानं सांगितलं, या नावाचा इथे कुणी राहत नाही, आणि ती परत गेली. मागाहून एका गाववाल्याकडून कळलं, आणि मी घरी पोचलो तेव्हा तेरावा होऊन गेला होता. तुमच्या बँडमधला ढोलवाला दारात भेटला. त्यानं सांगितलं, मास्तर बसस्टँडवरच्या हॉटेलात रेडिओ ऐकत एका चहावर तासन् तास बसायचे, ते गाणं हातात येईपर्यंत. कुणाचं आहे ते सांगितलं नाही कुणाला.

आई आत होती. ती रडली नाही. मला जवळ बसवून म्हणाली, "मोताळ्याहून आले तं लय खुश होते. म्हने, पोरगा भेटला, एका पंगतीत जेवलो, त्यानं आपल्या हातानं मले वाढलं. खरं हाय ना?"

मी म्हणालो, "हाव, आई." किती वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला, आणि निघाला तो खोटं बोलायला. ती त्या पंगतीवर पुढची अकरा वर्षं जगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी गावी गेलो की नवं काही विचारायची, काय काय वाढलं होतं, तुम्ही किती जेवलात. मी दर वेळी एखादा पदार्थ वाढवत गेलो.

पुढच्या माझ्या रेकॉर्डी चालल्या नाहीत. ते एकच गाणं राहिलं, अजून कुणी ना कुणी गायला लावतं. पहिल्या ओळीच्या शेवटच्या शब्दाशी आलो की मी थांबतो. तुमचं वाजवणं कुणी कधी टिपून ठेवलं नाही. मी मोताळ्यात, देऊळगावात विचारत फिरलो, त्या लग्नाच्या घरीही जाऊन आलो. कुठे काही नाही. मला ते एकदा, फक्त एकदा ऐकायचं आहे, आणि त्यासाठी कुणाचे पाय धरायचे ते कळत नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. एक गोष्ट मात्र लिहून टाकतो. ते गाणं तुमच्या वडिलांना आवडलं का, असं लोक विचारतात. मी सांगत आलो आहे की रेकॉर्ड निघायच्या आधीच वडील गेले. परवा नातीनं विचारलं. तिलाही मी हेच सांगितलं.