खडे मी भाजले

तीर्थरूप मामांना त्यांच्या भिंगरीचा दुरूनच, पण पूर्ण वाकून नमस्कार. (जवळून वाकलो असतो तर कान तुमच्या हाताला लागला असता, म्हणून दुरून.)

तुमची पाठ कशी आहे? मामीचा खोकला? फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणून ठेवून देता आणि माझं निम्मं तोंडातच राहतं. मामी म्हणाली, तुम्ही हल्ली स्लॅबचं काम घेतच नाही, नुसते ओटे आणि गिलावा. शेजारच्या शिंपीणबाईंनाही नाही म्हणालात. त्यावर मला बोलायचं आहे, पण आधी माझी हकीकत ऐका.

आज या नोकरीतला माझा छत्तिसावा दिवस. हसू नका. याआधीचा माझा विक्रम एकोणीस दिवसांचा होता. (बेकरीत अकरा, पोल्ट्रीत साडेतीन. कोंबड्यांनाच मी पसंत पडलो नाही.) आता मी काँक्रीटची परीक्षा घेणाऱ्यांकडे आहे. आठवीत दोनदा बसलेला माणूस परीक्षा घेतोय, हे मास्तरांना सांगू नका, त्यांना झेपणार नाही.

इथे पुलासाठी फार ताकदीचं काँक्रीट करतात. सिमेंट भरपूर, पाणी अगदी बेताचं. आपल्या स्लॅबवर आपण वरून पाणी मारतो, पण यावर मारलेलं पाणी म्हशीच्या पाठीवरून उतरावं तसं उतरून जातं, इतकं ते दाट. आणि आत सिमेंट तहानलेलं. ते आपल्याच पोटातलं पाणी पिऊन टाकतं, आक्रसतं आणि तडकतं. यावर आमच्या मोठ्या बाईंनी (प्रयोगशाळा त्यांच्याच हाताखाली आहे) तोड काढली, आतूनच पाणी द्यायचं. भाजक्या मातीचे हलके, भोकाभोकांचे खडे घ्यायचे, दिवसभर पाण्यात बुडवून त्यांना पोटभर पाजायचं आणि मग काँक्रीटमध्ये मिसळायचे. सिमेंटला तहान लागली की खडे हळूहळू पाणी सोडतात. प्रवासाला निघालेल्या माणसाने डबा सोबत न्यावा तसं.

बाईंनी भिजलेले खडे तोलून बादली माझ्याकडे दिली, म्हणाल्या, वरची चकाकी तेवढी फडक्याने टिप. मी बघतो तर काय, खडे चिंब! मला तुम्ही आठवलात. ओली खडी मिक्सरमध्ये टाकली म्हणून तुम्ही दिलेली चापट माझा डावा कान अजून विसरलेला नाही. म्हटलं, बाई शिकलेल्या असतील, पण गवंड्याचा भाचा आपण. नमुने सुकवायची मोठी भट्टी मोकळीच होती. बाई मीटिंगला गेल्या आणि मी ते खडे चांगले चार तास भाजले. खुटखुटीत झाले हो, अगदी वाजत होते.

काँक्रीट काही नीट होईना. आमचा काटेवाला (तो दिवसभर भिंगातून काटा वाचतो आणि उरलेल्या वेळात मला टोमणे मारतो) म्हणाला, “भिंगरी, आज हे का रुसलंय रे? तू तोंड दाखवलंस काय त्याला?” बाईंनी पातळ करायचं औषध थोडं जास्त घातलं, निभावून नेलं. मग लोखंडी कड्यांभोवती काँक्रीटची दोन कडी ओतली, एक साधं, एक खड्यांचं. काँक्रीट आक्रसलं की आतलं लोखंड हटत नाही, म्हणून तडा जातो. ज्याला उशिरा जाईल ते पास. साध्याला सहाव्या दिवशी गेला. बाईंच्या कड्याला चौथ्याच.

मामा, बाई ओरडल्या असत्या तर मी केव्हाच पळालो असतो. त्या ओरडल्याच नाहीत. चार दिवस वही घेऊन बसल्या, तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा. चहा गार. मला म्हणाल्या, “माझंच कुठेतरी चुकलंय.” दोन वर्षांचं काम सोडून द्यायचं आणि पूलवाल्यांना तसं लिहून कळवायचं, असं ठरलं. माझ्या कोरड्या खड्यांनीच सिमेंटचं पाणी पिऊन टाकलं होतं, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. तसा चेहरा मी एकदा पाहिलेला होता.

मी पिशवी भरली. नेहमीचंच. स्टँडवर गेलो, बसमध्ये खिडकीची जागासुद्धा मिळाली (मला कधी मिळते का?) आणि तीही सोडून उतरलो. बाई कागदावर सही करतच होत्या. म्हटलं, खडे मी भाजले. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “भाजले? कशावर?” आणि एवढ्या हसल्या की डोळे पुसायला माझंच फडकं घेतलं. हसून झाल्यावर मात्र नोंदवहीत माझ्या अक्षरात लिहून घेतलं, ‘खडे मी भाजले’, तारखेसकट. काटेवाला आता रोज सकाळी ते वाचून दाखवतो.

नवं कडं ओतलं, ओल्या खड्यांचं. आज एकविसावा दिवस, केसाएवढीही चीर नाही. ना त्याला, ना मला. मामीला नमस्कार, धाकटीला टपली.

तुमचा आज्ञाधारक भाचा
(पुढचं वाचून ‘आज्ञाधारक’ खोडलंत तरी चालेल.)

ता. क. आपल्या नव्या खोलीचा स्लॅब. सात दिवस पाणी मार, असं सांगून तुम्ही बाहेरच्या कामावर गेलात. मी दोनच दिवस मारलं. तिसऱ्या दिवशी मित्राने नवी मोटारसायकल आणली आणि मी त्याच्या मागे बसून गेलो तो सातव्या दिवशी उगवलो. तुम्ही यायच्या तासभर आधी सगळा स्लॅब भिजवून ठेवला. तुम्ही हात लावून पाहिलात आणि माझी पाठ थोपटलीत. मग कोपऱ्यापासून दारापर्यंत तडा गेला आणि तुम्ही म्हणालात, “माझा हातच गेला आता.” मामा, तुमचा हात गेला नव्हता. मी गेलो होतो.

ता. क. दुसरं. शिंपीणबाईंना हो म्हणा. ओतायचा दिवस कळवा, बाईंनी रजा आधीच दिली आहे. सात नाही, चौदा दिवस पाणी मी मारतो. फक्त संध्याकाळी एकदाच हात लावून समाधान मानू नका. न सांगता, भलत्या वेळी येत जा.