मल्लिनाथ बिरादार यांचे लेसर प्रात्यक्षिक पुढे न ढकलणेबाबत

दि. १६/०६/२०२५

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी,
देवणी, जि. लातूर

विषय : दि. २४ जूनचे प्रात्यक्षिक ठरल्या दिवशीच घेणेबाबत.
संदर्भ : श्री. मल्लिनाथ बिरादार यांचा 'कंबरदुखी'चा अर्ज.

महोदय,

मी मौजे बोरकुंटी येथे मिरचीची रोपवाटिका चालवते. लातूरच्या महाविद्यालयात शिकवणारी माझी नणंद अंजू हिने दिलेल्या यंत्राने मी पेरणीपूर्वी बियांवर लाल लेसरचा प्रकाश सोडते. किती मिनिटे सोडावा, हे कळायला मला तीन हंगाम लागले. कमी पडला तर फरक नाही, जास्त झाला तर बी मरते.

श्री. मल्लिनाथ हे माझे चुलत दीर. ग्रामसभेत ते म्हणाले, "वहिनी बियाला बॅटरी दाखवून राहिल्यात." सगळे हसले. माझी रोपे 'करंट दिलेली' आहेत, असे त्यांनी गावोगाव सांगितले. गिऱ्हाईक तुटले. पुढे मी उदगीरला लग्नाला गेले असता त्यांनी माझ्या यंत्राचे व वहीचे फोटो काढले, तसलेच यंत्र विकत आणले आणि शेतकरी मेळाव्यात 'लेसर शेतीचे जनक' म्हणून फेटा बांधून घेऊन २४ जूनचे प्रात्यक्षिक जाहीर केले. आपणही टाळ्या वाजवल्यात. त्याबद्दल तक्रार नाही, आपणास माहीत नव्हते.

परंतु वही मी माहेरच्या कन्नडात, आकडेसुद्धा अक्षरी लिहिते. ते त्यांना वाचता येत नाही. त्यांचे बी दोनदा उगवले नाही. मग घरी येऊन म्हणाले, "वहिनी, किती मिन्टं ठिवायचं तेवढं सांगा की." मी म्हणाले, "भाऊजी, बॅटरीच हाय की. दाखवा लागल तेवढा येळ."

त्यानंतर त्यांची कंबर दुखू लागली व प्रात्यक्षिक पुढे ढकलण्याचा अर्ज आपल्याकडे आला. सोमवारच्या बाजारात हेच गृहस्थ खताचे पोते एकट्याने उचलताना मी पाहिले आहे.

तरी विनंती की,
१. त्यांच्या व माझ्या हाताने एकेक ट्रे सर्वांसमक्ष पेरून, दोन्ही पंचायतीत कुलूपबंद ठेवावेत.
२. बाराव्या दिवशी उगवण त्यांनीच माईकवर मोजावी.
३. ते चालू शकत नसल्यास मी ऑटो पाठवते.

काल त्यांच्या पत्नी मल्लम्मा रडत आल्या. त्यांना चहा दिला. मागोमाग भाऊजीही आले, हात जोडून माफी मागितली. ती मी मनापासून मान्य केली आहे. तारीख मात्र बदलू नये.

उत्तराची वाट न पाहता मंडप सांगून आलेली,
उमादेवी श्रीशैल बिरादार

सोबत : पोते उचलतानाचा फोटो (१).