कमळाबाईंची हाक

निजामपुरा, भिवंडी
४ जानेवारी २०२६

प्रिय नरूदादा,

सप्रेम जय भीम. नाशिकला सगळे खुशाल असाल. वहिनींना आणि भाविकला माझी आठवण सांग. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी वाच, मग हवं तर फाड.

इथे निवडणुकीची धामधूम आहे. आई आता उभी राहत नसली तरी उमेदवार सकाळपासून दारात असतात. "कमळाताई, एक फोटो!" ती खुर्चीत बसून हात जोडते. परवा लूमवाले रशीदचाचा आले, वर्षभरानं गावाहून परतलेले, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. म्हणाले, "ताई, दो शब्द बोलो ना. आपका आवाज तो माईक का बाप है." आई नुसती हसली. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि रडून घेतलं.

तुझ्या कशेळीच्या गोदामावर तिनं बुलडोझर नेला, हे मी विसरलेले नाही. बेकायदा बांधकाम नगरसेविकेच्या मुलाचं म्हणून सोडलं असतं, तर गल्लीला काय तोंड दाखवलं असतं, हे तिचं. तुझा संसार उघड्यावर आला, हे तुझं. दोघंही एका माळेचे मणी. "तिनं स्वतः हाक मारली तरच येईन," म्हणून तू गेलास. मी तिला कितीदा विनवलं, मार गं एक हाक.

"मी न्हाय मारायची!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची.

दादा, आता तिला मारता येत नाही. पावसाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, स्वरयंत्रच काढावं लागलं. तुला कळवायला तिनंच हातानं मना केलं. कीव करत आलेला मुलगा तिला नको होता. पण गाठ परत आलीय. डॉक्टर आता औषधाचं बोलत नाहीत, घरीच ठेवा म्हणतात.

लिहिता तिला सहीपुरतंच येतं. मग बोलते ती लूमवरच्या जुन्या खुणांनी. आठवतं? ती कामाला असताना आपण डबा घेऊन शेडच्या दारात उभे राहायचो. मागांच्या त्या खटखटीत हाक कुठली ऐकू यायला! ती लोखंडावर ठोकायची. कानाची पाळी धरली की मी, कारण माझी डुलं. कपाळावर बोट आडवं फिरवलं की तू, तुझी ती खोक. मग तळवा छातीकडे ओढायची, म्हणजे ये.

काल सकाळी पेज भरवत होते. तिनं चमचा वाटीवर आपटला. मला वाटलं, नको असेल. तिनं कपाळावर बोट फिरवलं, तळवा छातीकडे ओढला आणि दाराकडे बघत राहिली. "दादा?" मी विचारलं. तर माझ्यावरच चिडली, पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा करायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला.

तुझी अट तिनं पुरी केली, दादा. आता मी तिची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवते.

वाट बघणाऱ्या दोघींपैकी बोलता येणारी,
तुझी धम्मदिना