कोपऱ्यातल्या तळ्याचा दोर

३ मार्च
आज रुजू झाले! राजधानीच्या ऐन मध्यात एवढं मोठं जलोद्यान असेल असं वाटलं नव्हतं. तळीच तळी, मधून फरशीच्या वाटा, पलीकडे हिरवळ आणि परातीएवढी कमळाची पानं. छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून पाण्यात उतरायचं आणि कुजलेली पानं कापायची, हे माझं काम. विजार इतकी ढगळ की आत आणखी एक बाई मावेल. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या जोडीदाराकडे. दोन झटके म्हणजे मला ओढ; एक लांब झटका म्हणजे दोर सोडून दे. मुकादमांनी हे माझ्याकडून शाळेतल्या पाढ्यांसारखं घोकून घेतलं. माणूस मायाळू दिसतो.

५ मार्च
कोपऱ्यातल्या तळ्यात कुणीच उतरत नाही. तिथे काठावरच्या खुंटीला एक जुना, शेवाळलेला दोर बांधलाय, टोक पाण्यात. कशाला म्हणून विचारलं, तर मुकादम म्हणाले, असू दे, त्याला हात लावू नकोस. मी पडले हट्टी. मुद्दाम तिथेच डबा उघडून बसले. भर दुपारी, वारा नसताना, दोर दोनदा ताणला गेला. डबा तसाच मिटला.

८ मार्च
तिकीट खिडकीवरच्या मावशींनी अखेर सांगितलं. माझ्या जागेवर आधी एक बाई होती. त्या तळ्यात उतरली आणि तिनं दोन झटके दिले. मुकादमांनी जोर लावला, पण खालून कुणीतरी उलटं ओढत होतं. ते घाबरले, दोर खुंटीला गुंडाळला आणि पळाले. नंतर शोधाशोध झाली. पाणी छातीभरच, पण दोराचं टोक काही कुणाच्या हाती लागलं नाही. साहेबांनी जाहीर केलं, बाई न सांगता काम सोडून गेली. तिची म्हातारी आई अजून फाटकाशी येते. माझी लेक अशी जाणारी नव्हे, म्हणते. ऐकून डोकं फिरलं माझं.

९ मार्च
मुकादमांना तोंडावर विचारलं. मान खाली घातली. जाऊ दे पोरी, आपल्याला काय करायचंय, म्हणाले.
मला करायचंय.

१० मार्च
पुन्हा दोन झटके. थोडं थांबून पुन्हा दोन. किती वाट पाहायची तिनं? भीती वाटतेय. वाटू दे.

११ मार्च
सकाळ. माणसं फिरायला आलीत. दोर खुंटीवरून सोडवून माझ्या कमरेला बांधलाय, गाठ पक्की. वही मांडीवर. माझ्याबद्दल कुणी ‘न सांगता गेली’ म्हणू नये, म्हणून लिहितेय. आणि जातेय कुठे मी? तिला आणतेय.

मुकादम लांबूनच ओरडतायत, कापून टाक म्हणून. तुम्ही या की ओढायला!

दोन झटके. ओढलं. जड आहे, पण येतोय—

उलटं ओढतंय काहीतरी. पाय खुंटीला रोवले होते, निसटले. पाणी गुडघ्या—

आता एकच झटका. लांब.

सोड म्हणतेय. मी वाचावं म्हणून—

नाही गं सोडणार. एकदा सोडलंय तुला सगळ्यांनी. मी ना—